जालकावरील पुंज वर्णगतिकी आणि कणांच्या प्रकीर्णनाचे गणन

दोन कण एकमेकांवर आदळल्यानंतर काय घडते, या प्रश्नाच्या उत्तरातूनच सूक्ष्म विश्वाविषयीचे बहुतेक ज्ञान आजवर प्राप्त झालेले आहे. रदरफर्ड यांनी १९११ साली अणुकेंद्राचे अस्तित्व सिद्ध केले ते आल्फा कणांच्या प्रकीर्णनावरून. आणि आज जिनिव्हाजवळील महायंत्रात प्रोटॉनांची जी टक्कर घडविली जाते तीही मूलतः त्याच जातीची परीक्षा होय. या क्षेत्रात एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. होमी भाभा यांनी केंब्रिज येथे असताना इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर प्रकीर्णनाचे गणित मांडले. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले आणि ती प्रक्रिया ‘भाभा प्रकीर्णन’ या नावानेच ओळखली जाते. भाभांच्या पुढाकाराने १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे मुंबईतच, आज त्याच प्रश्नाचे अधिक दुर्घट रूप सोडविण्याचा यत्न चालू आहे. इलेक्ट्रॉनांऐवजी प्रबल परस्परक्रियेने बांधलेले कण घेतले तर त्यांच्या प्रकीर्णनाचे गणन मूळ सिद्धांतापासून कसे करावे, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे स्वरूप, त्यावर योजिलेली युक्ती आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रकीर्णन परमप्रसर व कलांतर

पुंजयामिकीनुसार आपाती कण हा एक तरंग असतो. लक्ष्यापर्यंत पोहोचल्यावर या तरंगाचा काही भाग गोलाकार तरंगाच्या रूपाने सर्व दिशांना पसरतो. या पसरणाऱ्या तरंगाची महत्ता ज्या संमिश्र राशीने व्यक्त होते तिला प्रकीर्णन परमप्रसर म्हणतात. तिच्या मापाचा वर्ग घेतला म्हणजे प्रयोगशाळेत मोजला जाणारा काटछेद मिळतो. परंतु परमप्रसर काटछेदाहून अधिक काही सांगतो. कारण त्यात कलेची माहितीही साठविलेली असते.

कोनीय संवेगाच्या एकेका मूल्यासाठी हा परमप्रसर वेगळा काढता येतो. टक्कर लवचिक असेल, म्हणजे जे कण आत गेले तेच बाहेर आले, तर संभाव्यतेच्या अक्षय्यतेमुळे प्रत्येक भागाला एकच वास्तव अंक पुरतो. हा अंक म्हणजे कलांतर. परस्परक्रिया नसती तर बाहेर जाणारा तरंग ज्या कलेत असता, तिच्यापेक्षा तो किती पुढे सरकला किंवा मागे पडला हे कलांतर सांगते. सापेक्ष तरंगांक क आणि कलांतर द असे मानल्यास परमप्रसर हा ‘क गुणिले कॉट द’ उणे ‘काल्पनिक एकक गुणिले क’ या राशीच्या व्यस्तांकाइतका असतो. सारा गतिशास्त्रीय आशय ‘क कॉट द’ या एका वास्तव फलनात सामावलेला असतो, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ऊर्जा फार कमी असता हे फलन एका स्थिरांकाकडे जाते. त्या स्थिरांकाचा व्यस्तांक म्हणजे प्रकीर्णन लांबी. ऊर्जा वाढत असता कलांतर झपाट्याने वाढून नव्वद अंशांतून गेले तर तेथे अनुस्पंदन आहे असे समजावे. दोन पायॉनांच्या टक्करीत दिसणारा ऱ्हो मेसॉन हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे वस्तुमान सुमारे ७७५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून रुंदी सुमारे १४९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे तो सेकंदाच्या १० चा उणे २३ वा घात या मानाच्याही आतच नाहीसा होतो. अशा कणाला ‘कण’ म्हणावयाचे ते केवळ परमप्रसरात संमिश्र प्रतलावर आढळणाऱ्या ध्रुवामुळे. यावरून प्रकीर्णनाचे गणन हे निव्वळ टक्करीचे गणन नसून निसर्गात कोणते कण आहेत आणि कोणते नाहीत हे ठरविण्याचे साधन आहे, हे ध्यानात यावे.

क्षोभ सिद्धांताची मर्यादा

भाभांचे गणित यशस्वी झाले याचे कारण विद्युत्-चुंबकीय परस्परक्रियेचा युग्मांक लहान आहे. तो १३७ चा व्यस्तांक असल्याने परमप्रसराची श्रेणी मांडली असता प्रत्येक पुढचे पद मागच्यापेक्षा पुष्कळ लहान होते आणि पहिले पदच चांगले उत्तर देते. प्रबल परस्परक्रियेचा सिद्धांत म्हणजे पुंज वर्णगतिकी. तीत क्वार्क आणि ग्लुऑन हे मूलभूत घटक असतात. ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी १९७३ साली असे दाखविले की या सिद्धांतातील युग्मांक उच्च ऊर्जेला लहान होत जातो. झेड बोसॉनाच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेला तो सुमारे ०.११८ असतो. याचीच दुसरी बाजू अशी की ऊर्जा कमी होत गेली असता तो वाढत जातो आणि एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास पदांची श्रेणी विश्वासार्ह राहत नाही. शिवाय क्वार्क स्वतंत्रपणे कधीच आढळत नाहीत. प्रयोगशाळेत आदळतात ते पायॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन असे संयुक्त कण. ज्या घटकांत सिद्धांत लिहिला आहे ते बाहेर येत नाहीत, आणि जे बाहेर येतात ते सिद्धांतात लिहिलेले नाहीत. त्यामुळे दोन पायॉनांची टक्कर ही भाभांच्या रीतीने सुटणारी समस्या नव्हे.

जालकाची रचना

या पेचातून वाट काढली ती केनेथ विल्सन यांनी, १९७४ साली. त्यांनी अवकाश व काळ यांचा अखंड विस्तार सोडून त्या जागी बिंदूंचे चौमितीय जालक योजिले. आलापल्लीच्या रोपवनात सागाची झाडे जशी सारख्या अंतरावर ओळींनी लावलेली असावीत तसे हे बिंदू. क्वार्कांची क्षेत्रे बिंदूंवर, आणि ग्लुऑनांचे क्षेत्र शेजारच्या बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ठेवले जाते. प्रत्येक दुव्यावर तीन ओळी व तीन स्तंभ असलेला एक संमिश्र आव्यूह असून तो निश्चित करण्यास आठ वास्तव अंक लागतात. दोन लगतच्या बिंदूंतील अंतर साधारणपणे ०.१ फर्मी किंवा त्याहून कमी घेतले जाते. एक फर्मी म्हणजे मीटरचा १० चा उणे १५ वा घात. अंतिम उत्तर काढताना हे अंतर क्रमाक्रमाने कमी करीत शून्याकडे न्यावे लागते.

या गणनाचा पसारा किती मोठा आहे हे एका उदाहरणावरून दिसून येईल. अवकाशाच्या तिन्ही दिशांना ६४ बिंदू आणि काळाच्या दिशेला १२८ बिंदू असलेले जालक घेतले, तर एकंदर बिंदू ३,३५,५४,४३२ होतात. प्रत्येक बिंदूपासून चार दुवे आणि प्रत्येक दुव्यास आठ अंक धरल्यास एकूण चलांची संख्या १,०७,३७,४१,८२४ होते. सिद्धांतातील कोणतीही राशी काढावयाची म्हणजे या सर्व चलांवर समाकल घ्यावयाचा. कोणत्याही सामान्य रीतीने ते शक्य नाही. म्हणून नमुन्यांचा आश्रय घ्यावा लागतो. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या वनात लाकडाचा एकूण साठा किती आहे हे अजमावताना प्रत्येक झाड मोजणे शक्य नसते. योग्य रीतीने निवडलेल्या नमुना-क्षेत्रांवरून साऱ्या वनाचा अंदाज बांधतात आणि त्या अंदाजात किती चूक संभवते हेही सांगतात. जालकावर हेच काम माँटे कार्लो पद्धतीने होते. ज्या क्षेत्ररचनांचे समाकलातील वजन अधिक, त्या अधिक वेळा निवडल्या जातील अशी योजना करून काही शे किंवा काही हजार रचना तयार करतात आणि त्यांवर सरासरी घेतात. मायकेल क्रॉइट्झ यांनी १९८० च्या सुमारास ही रीत प्रथम यशस्वी करून दाखविली. नमुन्यांची संख्या चौपट केली असता चूक निम्मी होते, हा नियम येथेही लागू आहे.

काल्पनिक काळ आणि त्याची अडचण

वरील योजनेत एक अट गृहीत धरलेली आहे. प्रत्येक रचनेचे वजन धन वास्तव संख्या असेल तरच त्यास संभाव्यता मानता येते. खऱ्या काळात हे वजन संमिश्र असते व सतत आंदोलत राहते. म्हणून काळाची अक्षरेषा काल्पनिक दिशेला वळवून घेतात. मग आंदोलने जाऊन त्या जागी घातांकीय ऱ्हास येतो. एका काळी कण निर्माण करून त नंतरच्या काळी तो नष्ट केला, तर त्या दोन क्रियांचा सहसंबंध ‘ऊर्जा गुणिले त’ या गुणाकाराच्या मानाने घातांकीय रीतीने घटतो. या घटीच्या वेगावरून ऊर्जा मिळते. प्रोटॉनाचे वस्तुमान याच रीतीने मूळ सिद्धांतापासून काढले गेले आहे.

परंतु प्रकीर्णन ही खऱ्या काळात घडणारी क्रिया आहे. दोन तरंग दुरून जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा दूर जातात. काल्पनिक काळात ‘दूर जाणे’ असे काही उरतच नाही. उरतो तो केवळ ऱ्हास. मायानी आणि तेस्ता यांनी १९९० साली हे नेमकेपणाने दाखवून दिले. अनंत विस्ताराच्या अवकाशात काल्पनिक काळाच्या सहसंबंधांवरून आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या अवस्थांची सरासरीच हाती लागते, आणि उंबरठा ऊर्जेचा अपवाद सोडला तर कलेची माहिती त्यातून मिळत नाही. जालक पद्धतीचा आधार असलेली युक्तीच प्रकीर्णनाच्या आड येते, असा हा विचित्र प्रसंग होता.

ल्यूशर यांचे सूत्र

याचे उत्तर मार्टिन ल्यूशर यांच्या १९८६ व १९९१ च्या निबंधांत आहे. जालकाची पेटी सान्त असते, तिच्या भिंती जवळ असतात, हा आजवर दोष मानला जात होता. ल्यूशर यांनी त्या दोषालाच मापनाचे साधन केले.

पूर्व विदर्भातील मामा तलावांपैकी एखाद्या तलावाचे उदाहरण येथे घेता येईल. अमर्याद सागरात उठलेली लाट खडकावर आदळून कायमची निघून जाते. ती मोजावयाची तर दूरवर जाऊन मोजली पाहिजे. बांध घातलेल्या तलावात मात्र लाट परत येते आणि काही विशिष्ट वारंवारतेचीच स्थिर आंदोलने टिकून राहतात. तलावाच्या मध्यभागी एक खडक असेल तर या वारंवारता किंचित बदलतात. लाटेचा प्रवास मुळीच न पाहता केवळ वारंवारतांतील या बदलावरून खडकाचा लाटेवर होणारा परिणाम काढता येईल. वारंवारतेच्या जागी ऊर्जा आणि खडकाच्या जागी दोन कणांमधील परस्परक्रिया असे वाचले म्हणजे ल्यूशर यांची कल्पना समजते.

एकमितीत तिची सिद्धता काही ओळींची आहे. ल इतक्या परिघाच्या कड्यावर दोन एकसारखे कण आहेत आणि त्यांचा एकूण संवेग शून्य आहे असे मानू. परस्परक्रियेचा पल्ला ल पेक्षा पुष्कळ लहान असेल तर त्या पल्ल्याबाहेर सापेक्ष तरंग ‘क गुणिले अंतर अधिक द’ या कोनाच्या कोज्येइतका असतो. कड्यावर एका बाजूने मोजलेले अर्धा परीघ अंतर आणि दुसऱ्या बाजूने मोजलेले अर्धा परीघ अंतर हे एकाच स्थानाचे असल्याने तेथे तरंगाचा उतार शून्य असला पाहिजे. त्यावरून पुढील अट निघते:

क × ल + २द = २ × पाय × न

येथे न हा पूर्णांक आहे. परस्परक्रिया नसेल तर द शून्य होऊन नेहमीची अट राहते. समजा, परीघ १० फर्मी आहे आणि न बरोबर १ असलेल्या पातळीसाठी क हा दर फर्मीस ०.६८ असा मिळाला. परस्परक्रिया नसती तर तो ०.६२८ असता. सूत्रात घातल्यास कलांतर सुमारे उणे ०.२६ रेडियन, म्हणजे उणे १५ अंशांच्या जवळ येते. ऋण चिन्ह हे प्रतिकर्षण दर्शविते. एक ऊर्जा मोजली, एक कलांतर मिळाले. निरनिराळ्या आकारांच्या पेट्या घेतल्या म्हणजे निरनिराळ्या ऊर्जांना कलांतर मिळत जाते.

त्रिमितीत तर्क हाच राहतो. केवळ डाव्या बाजूच्या साध्या पदाऐवजी घनाकार पेटीतील सर्व पूर्णांकी सदिशांवर घेतलेली एक बेरीज येते, जिला झीटा फलन म्हणतात. उंबरठ्याजवळ हे सूत्र विशेष सुटसुटीत होते. व वस्तुमानाच्या दोन कणांची प्रकीर्णन लांबी अ असेल, तर ल बाजूच्या पेटीत त्यांची किमान ऊर्जा दोन वस्तुमानांच्या बेरजेपासून पुढीलप्रमाणे ढळते:

ऊर्जाभेद = −(४ × पाय × अ) ÷ (व × ल³) × [१ − २.८३७ (अ ÷ ल) + ६.३७५ (अ ÷ ल)²]

समान विद्युत्भार असलेले दोन पायॉन घ्या. त्यांचे एकमेकांस प्रतिकर्षण असते आणि पायॉनाच्या वस्तुमानाच्या एककात त्यांची प्रकीर्णन लांबी सुमारे उणे ०.०४४ आहे. पेटीची बाजू ४ एकके, म्हणजे सुमारे ५.६६ फर्मी घेतल्यास ऊर्जाभेद पायॉनाच्या वस्तुमानाच्या ०.००९ पट, अर्थात सुमारे १.२५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. दोन पायॉनांची एकूण ऊर्जा २७९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने हा भेद अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. प्रकीर्णनाची सारी माहिती या अर्ध्या टक्क्यात आहे. पेटी मोठी केली तर तो ल च्या घनाच्या प्रमाणात आणखी लहान होतो. आणि पेटी फार लहान केली तर सूत्रच डळमळते, कारण त्यात पायॉनाचे वस्तुमान व पेटीची बाजू यांच्या गुणाकाराच्या मानाने घातांकीय रीतीने घटणारी पदे सोडून दिलेली आहेत. वरील उदाहरणात हा गुणाकार ४ असल्याने ती पदे दोन टक्क्यांच्या मानाची राहतात.

ऊर्जापातळ्या मिळविण्याची रीत

वरील विवेचनावरून असे दिसेल की प्रश्नाचा सारा भार आता पेटीतील ऊर्जापातळ्या अचूक काढण्यावर येतो. एकाच सहसंबंधावरून किमान ऊर्जा मिळते. वरच्या पातळ्या तिच्याखाली झाकल्या जातात. म्हणून एकाच पुंजांकांची अनेक संकारके घेऊन, म्हणजे एक मेसॉन निर्माण करणारी, निरनिराळ्या संवेगांचे दोन मेसॉन निर्माण करणारी अशी, त्यांच्या परस्पर सहसंबंधांचा आव्यूह तयार करतात. त्याची आयगेनमूल्ये वेगवेगळ्या पातळ्यांप्रमाणे घटत जातात. यात दोन मेसॉनांची संकारके वगळली तर पातळ्या चुकीच्या येऊ शकतात, हा अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेटीतील संवेग सुटे सुटे असल्यामुळे पातळ्याही विरळ असतात, ५.६६ फर्मीच्या पेटीत किमान अशून्य संवेग सुमारे २१९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका असतो. यावर रुमुकाइनेन व गॉटलिब यांनी १९९५ साली उपाय सुचविला. दोन कणांच्या जोडीलाच एकंदर गती दिली तर त्याच पेटीतून नव्या पातळ्या मिळतात. पीअर्डन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेल्या ऊर्ध्वपातन नावाच्या रीतीने क्वार्कांचे प्रसारक काढण्याचे श्रम पुष्कळ कमी झाले. या साऱ्यांच्या बळावर ऱ्हो मेसॉनाचे कलांतर शून्यापासून वाढत नव्वद अंशांपलीकडे जाताना जालकावर स्पष्ट दिसू लागले. त्याची पहिली चिन्हे जपानी गटाच्या २००७ च्या गणनात आढळली होती.

मुंबई येथील कार्य

टाटा मूलभूत संशोधन संस्थेस यंत्रगणनाची परंपरा जुनी आहे. टीफ्रॅक हा अंकीय संगणक तेथेच बांधला जाऊन १९६० साली कार्यान्वित झाला होता. जालकावरील वर्णगतिकीत तेथे राजीव गवई, सौरेंदू गुप्ता प्रभृतींनी अतितप्त क्वार्क-ग्लुऑन द्रव्याविषयी दीर्घकाळ काम केले, आणि भारतीय जालक गेज सिद्धांत उपक्रमाचे ते एक केंद्र ठरले.

अलीकडील काळात निलमणी माथुर व त्यांच्या सहकाऱ्यांचे लक्ष जड क्वार्कांच्या संयुगांवर आहे. परीक्षित जुन्नरकर व माथुर यांनी २०१९ साली ड्यूटेरॉनासारख्या, परंतु जड क्वार्क असलेल्या सहा क्वार्कांच्या संयुगांचे गणन प्रसिद्ध केले. माथुर, पद्मनाथ व चक्रवर्ती यांनी २०२३ साली केवळ बॉटम क्वार्कांनी बनलेल्या दोन बॅरिऑनांच्या प्रकीर्णनाचा विचार करून सुमारे ८९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या बंधन ऊर्जेची बद्ध अवस्था वर्तविली. असा पदार्थ कोणत्याही प्रयोगशाळेत आढळलेला नाही. येथे गणन प्रयोगाच्या पुढे गेले आहे.

चार क्वार्कांच्या मेसॉनांचा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. जिनिव्हाच्या एलएचसीबी प्रयोगाने २०२१ साली दोन चार्म क्वार्क असलेला एक नवा कण जाहीर केला. डी मेसॉन व उत्तेजित डी मेसॉन यांच्या उंबरठ्याच्या खाली तो ०.४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही कमी अंतरावर आहे. एम. पद्मनाथ आणि साशा प्रेलोव्शेक यांनी २०२२ साली या दोन मेसॉनांच्या प्रकीर्णनाचे गणन केले. त्यात पायॉनाचे वस्तुमान खऱ्या मूल्याऐवजी सुमारे २८० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेतलेले होते. परमप्रसरात ध्रुव सापडला, परंतु तो बद्ध अवस्थेचा नव्हता, आभासी अवस्थेचा होता. क्वार्क हलके होत गेल्यास आकर्षण वाढून आभासी अवस्था बद्ध होणे संभवनीय असल्याने या निष्कर्षाचा प्रयोगाशी विरोध येत नाही. यानंतर पद्मनाथ, राधाकृष्णन व माथुर यांनी २०२४ साली एक बॉटम व एक चार्म क्वार्क असलेल्या समधर्मी कणाचे गणन प्रसिद्ध केले आणि तेथे सुमारे ४३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट बंधन ऊर्जेची बद्ध अवस्था असल्याचे दाखविले. या अंकातील अनिश्चितता लहान नाही. परंतु अवस्था बद्ध असल्याचा निष्कर्ष त्या अनिश्चिततेनंतरही टिकतो.

पद्धतीच्या मर्यादा

या यशाबरोबर तीन अडचणी नोंदविल्या पाहिजेत. पहिली गोंगाटाची. पारिझी व लेपाझ यांनी दाखविल्याप्रमाणे न्यूक्लिऑनाच्या सहसंबंधात उपयुक्त संकेत व सांख्यिकीय गोंगाट यांचे गुणोत्तर काळानुसार घातांकीय रीतीने घटते. घटीचे मान न्यूक्लिऑनाचे वस्तुमान उणे दीडपट पायॉनाचे वस्तुमान, म्हणजे सुमारे ७३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इतके असते. काळात एक फर्मी पुढे जावयाचे तर हे गुणोत्तर सुमारे ४० पटींनी खालावते. दोन न्यूक्लिऑनांसाठी ते सुमारे १,६७० पटींनी खालावते. तीच अचूकता राखावयाची तर नमुने सुमारे २८ लाख पट लागतील. म्हणूनच जड क्वार्कांच्या कणांत मिळालेले यश साध्या ड्यूटेरॉनास अजून सहज लाभत नाही.

दुसरी अडचण वैश्लेषिक आहे. दोन कण पायॉनाची देवाणघेवाण करीत असतील तर उंबरठ्याच्या खाली थोड्याच अंतरावर परमप्रसरात आणखी एक छेद सुरू होतो, आणि त्यापलीकडे ल्यूशर यांचे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. दुहेरी चार्म मेसॉनाच्या बाबतीत हा छेद ध्रुवाच्या अगदी निकट येतो, ही गोष्ट २०२३ पासूनच्या चर्चेत पुढे आली असून सूत्रात सुधारणा करण्याचे काम चालू आहे. तिसरी अडचण कणांच्या संख्येची. उत्तेजित डी मेसॉन खऱ्या जगात डी मेसॉन व पायॉन यांत विघटित होऊ शकतो; तेव्हा दोन कणांची समस्या वस्तुतः तीन कणांची होते. हॅन्सन आणि शार्प यांनी २०१४ व २०१५ साली तीन कणांसाठी आवश्यक अटी मांडल्या. त्या एका समीकरणाऐवजी समाकल समीकरणांच्या रूपात येतात.

लहान विभागांतील अभ्यासास अवकाश

या क्षेत्राकडे पाहून असे वाटण्याचा संभव आहे की महासंगणक नसलेल्या ठिकाणी त्याचा अभ्यास व्यर्थ होय. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. तेथील अथवा तशाच कोणत्याही विभागातील विद्यार्थ्यास कोट्यवधी दुव्यांचे जालक चालविणे शक्य होणार नाही हे खरे. परंतु कामाचे टप्पे निरखले असता चित्र बदलते. क्षेत्ररचना तयार करणे आणि प्रसारक काढणे एवढेच टप्पे महासंगणकावर अवलंबून असतात. पातळ्यांवरून कलांतर, कलांतरावरून परमप्रसर आणि परमप्रसरावरून ध्रुव हे पुढील तिन्ही टप्पे साध्या संगणकावर पार पाडता येतात. प्रसिद्ध निबंधांत ऊर्जापातळ्यांचे अंक दिलेले असतात. झीटा फलनाची बेरीज विद्यार्थ्याने स्वतः लिहून त्यांवरून पुन्हा कलांतर काढणे आणि अनिश्चितता कशी पुढे वाहते हे पाहणे हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य असा विषय आहे.

याहून पूर्ण अनुभव हवा असेल तर द्विमितीय नमुन्याकडे वळावे. ल्यूशर व वोल्फ यांनी १९९० साली ही रीत प्रथम कसाला लावली ती तीन घटकांच्या द्विमितीय सिग्मा नमुन्यावर. अवकाशाची एकच मिती असल्याने तेथे वर दिलेल्या कड्याच्या अटीसारखीच सोपी अट लागते, नमुने घरगुती संगणकावर काही तासांत मिळतात, आणि झामोलोद्चिकोव्ह बंधूंनी या नमुन्याचे प्रकीर्णन आधीच अचूकपणे सोडविलेले असल्याने उत्तर पडताळूनही पाहता येते. वर्णगतिकीत असे तयार उत्तर कोठेही लिहिलेले नाही. म्हणून ज्याला पुढे तेथे जावयाचे आहे त्याने प्रथम उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी आपले माप तपासून घ्यावे, हा क्रम श्रेयस्कर होय.

भाभांच्या काळी प्रकीर्णनाच्या गणनास कागद आणि लेखणी पुरत असे; आज त्याच प्रश्नासाठी अब्जावधी चलांचा समाकल अजमावावा लागतो. तथापि, ज्या कल्पनेमुळे हे गणन शक्य झाले ती कल्पना, म्हणजे बंदिस्त पेटीतील ऊर्जेचा सूक्ष्म ढळ वाचून मुक्त अवकाशातील टक्कर जाणणे, ही यंत्रातून निघालेली नाही. ती समजण्यास आजही कागद आणि लेखणी पुरते.